आमटी नासली नव्हती

पत्र बार्शीहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत, घरून डबे देतात. पत्र चार पानी आहे; त्यांच्याच शब्दांत, पण थोडक्यात देते.

"डॉक्टर मॅडम, गेले ११ महिने माझा उजवा गाल जड राहतो. केर काढायला वाकलं की गालात काहीतरी भरून आल्यासारखं होतं. उजव्या नाकपुडीतून घट्ट पिवळं येतं, सकाळी तेच घशात उतरतं. संध्याकाळी कणकण असते, अंगात त्राण राहत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे घाण वास. मागच्या महिन्यात ३० डब्यांची आमटी नासली म्हणून मी ओतून दिली. मुलगी म्हणाली, आई, आमटी चांगली होती गं. टायफॉइडचं औषध दोनदा झालं. टीबीच्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. अँटिबायोटिकचे सात कोर्स झाले. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन काढला. उजवं सायनस भरलंय, नाकाचा पडदा वाकडा आहे, ऑपरेशन करू म्हणतात. तीन वर्षांपूर्वी उजव्या वरच्या दाढेचं रूट कॅनल करून कॅप बसवली होती, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, दाढ दुखत नाही, कॅप मजबूत आहे, तिचा काही संबंध नाही. दिरांनी मोबाइलवर पाहिलंय की रूट कॅनल केलेले दात अंगात विष सोडतात, गुडघेसुद्धा त्यानंच दुखतात. माझे रूट कॅनलचे तिन्ही दात काढून टाका म्हणतात. सासूबाई म्हणतात, मनाचे खेळ आहेत. शुगरची तीन महिन्यांची टेस्ट ७.९ आली आहे. खरंच मनाचं आहे का? तिन्ही दात काढू का? आणि नक्की दाखवू तरी कुणाला?"

ताई,

आमटी नासली नव्हती, आणि तुमचं डोकंही फिरलेलं नाही. जो वास फक्त तुम्हालाच येतो तो खरा असू शकतो. तो पातेल्यातून येत नसेल, तुमच्या गालाच्या आतून येत असेल. तुमच्या पत्रातल्या त्या ओळीशी मी थांबले. मी ३० वर्षं तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवला, आणि असा वास सांगणारी माणसं पाहिली. एका आजोबांनी तर कपाटामागे उंदीर मेलाय म्हणून सगळं घर उलथंपालथं केलं होतं. तुमची तर रोजीरोटीच नाकावर चालते. फोडणी करपली की नाही, डाळ आंबली की नाही हे ज्या नाकानं ठरवायचं त्याच नाकाचा भरवसा गेला, तर जीव किती कासावीस होत असेल याची मला कल्पना आहे.

पत्रातल्या तीन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या. त्रास एकाच बाजूचा, उजव्या. वास कुजका. आणि त्याच बाजूला वर रूट कॅनल केलेली दाढ. सर्दीचं किंवा ॲलर्जीचं सायनस बहुतेक दोन्ही बाजूंना होतं. एकाच बाजूचं, घाण वासाचं, आणि औषध थांबलं की परतणारं सायनस समोर आलं की त्या बाजूच्या वरच्या दाढा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. तुमच्या दाढेची तशी तपासणी अजून झालेलीच नाही असं मला पत्रावरून वाटतं. पण मी तुमच्या तोंडात डोकावलेले नाही, त्यामुळे माझ्याकडे आहे तो संशय. तो खरा की खोटा हे कसं ठरवायचं तेच खाली लिहिते.

आधी तिथली रचना समजून घ्या. डोळ्याखाली, गालाच्या हाडात एक पोकळी असते, तिला आपण सायनस म्हणतो. त्या पोकळीची जमीन म्हणजे वरच्या दाढांच्या मुळांवरचं छत. मधलं हाड कित्येकांत अंड्याच्या टरफलासारखं पातळ असतं, आणि काहींत तेही नसतं, नुसतं पोकळीचं अस्तर मुळांच्या टोकांवर पसरलेलं असतं. दुसरी गोष्ट, या पोकळीचा निचरा होण्याचं भोक तळाशी नसतं, वरच्या अंगाला असतं. त्यामुळे आत पू साचला की तो साचूनच राहतो आणि डोकं खाली केलं की हलतो. केर काढताना गाल भरून येतो तो यानंच.

आता दाढ. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात, पण मुळांच्या आतून जाणाऱ्या नळ्या (रूट कॅनलमध्ये याच साफ करून भरतात) तीनच असतील असं नाही. गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दोन नळ्या असतात. त्यातली दुसरी केसासारखी बारीक असते, आणि तिचं तोंड आतल्या बाजूला दडलेलं असतं. रूट कॅनल करताना ती सापडली नाही, तर बाकीच्या तीन नळ्या कितीही सुरेख भरल्या तरी त्या एका नळीत सडकं राहतं आणि मुळाच्या टोकाशी पाझरत राहतं. हे चांगल्या हाताच्या डॉक्टरकडूनही होतं. भिंगाशिवाय ती नळी शोधणं खरंच अवघड आहे. त्यामुळे ज्यांनी तुमचं रूट कॅनल केलं त्यांच्यावर राग धरू नका. हे असंच झालं असेल असंही नाही. कधी मूळ उभं चिरलेलं असतं, कधी कॅपच्या कडेखालून कीड आत गेलेली असते.

मग दाढ दुखत कशी नाही? दात ठणकतो तो दाबामुळे. मुळाशी पू झाला आणि त्याला बाहेर पडायला जागा नसली की माणूस रात्रभर गाल धरून बसतो. तुमच्या बाबतीत पूला वरच्या बाजूला मोकळी खोलीच मिळाली असेल. पू वर गेला, दाब राहिला नाही, दाढ गप्प बसली. डॉक्टरांनी पाहिली ती कॅप, आणि कॅप मजबूत असेलही. पण छप्पर नवं घातलं म्हणून घराच्या पायात ओल नाही असं म्हणता येत नाही.

गप्प बसलेला दात काय करू शकतो ते एका मुलामुळे मला कायमचं लक्षात राहिलं. २३-२४ वर्षांचा असेल. हनुवटीवर एक फोड, वर्षभर बरा होईना. दोनदा चिरून झाला होता, मलमं झाली होती. मिशा फुटायच्या वयातलं असं म्हणून कुणी त्याच्या तोंडात पाहिलंच नव्हतं. खालचा एक पुढचा दात किंचित काळपट होता. विचारलं, कधी मार लागला होता का? आठवीत असताना क्रिकेटचा बॉल लागला होता, म्हणाला. रूट कॅनल भरायला आम्ही गुलाबी रंगाची, काडीसारखी बारीक आणि लवचिक रबरी वात वापरतो, गटापर्चा म्हणतात तिला. ती हळूच त्या फोडाच्या तोंडातून आत सरकवली आणि एक्स-रे काढला. ओली फिल्म दिव्यासमोर धरली, तर ती वात सरळ त्या काळपट दाताच्या मुळाशी जाऊन टेकली होती. दात त्याला एक दिवसही दुखला नव्हता. त्या दाताचं रूट कॅनल केलं, आणि फोडाला पुन्हा कुणाला हात लावावा लागला नाही.

सात कोर्स घेऊनही गुण का आला नाही, त्याचंही कारण यातच आहे. गोळीतलं औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या दाताच्या नळीत रक्तच जात नाही. औषध सायनसमधले जंतू मारतं, आठ-दहा दिवस बरं वाटतं. नळीतले जंतू शाबूत असतात, ते पुन्हा वर येतात. तेव्हा आठवा कोर्स लगेच सुरू करू नका. कुणी लिहून दिलाच तर नम्रपणे विचारा की आधी दाढेची तपासणी करून मग घेतला तर चालेल का. धोक्याची लक्षणं असतील तर मात्र थांबायचं नाही. ती खाली सांगते.

आता कामाला लागा. पहिलं काम बिनपैशाचं आहे. तुमच्याकडे सिटी स्कॅनची सीडी असेल. सायनसच्या स्कॅनमध्ये वरच्या दाढांची मुळं बहुधा आलेली असतात, पण स्कॅन नाकासाठी सांगितला म्हणून अहवाल नाकाबद्दल लिहिला जातो आणि दाढांचा उल्लेखच राहतो. जिथे स्कॅन काढला तिथे सीडी घेऊन जा आणि रेडिओलॉजिस्टना तीनच गोष्टी विचारा. या दाढेच्या मुळांच्या टोकाशी हाड गेलेलं दिसतं का? सायनसच्या जमिनीचं हाड तिथे सलग आहे की तुटलंय? न भरलेली नळी दिसते का? अहवालात ही ओळ वाढवून द्या असं सांगा. रेडिओलॉजिस्टना प्रश्न नेमका दिला तर ते आनंदानं पुन्हा बघतात, असा माझा अनुभव आहे.

जाताना दाढेचा नंबर पाठ करून जा. आमच्याकडे दाताला नंबरानं ओळखतात. वरच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेला १६ म्हणतात, तिच्या मागचीला १७. पहिला आकडा तोंडाच्या भागाचा, दुसरा मधल्या दातापासून मोजलेला. तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या पावतीवर किंवा कागदावर हा आकडा असणार. "उजवीकडची वरची कॅपवाली" म्हणण्यापेक्षा "सोळा" (किंवा तुमचा असेल तो आकडा) म्हटलं की समोरचा डॉक्टर लगेच नेमका विचार करायला लागतो.

दातांच्या दवाखान्यात काढतात तो छोटा एक्स-रे इथे फसवा ठरू शकतो. त्यात सगळं एकावर एक सपाट दिसतं, आणि गालाच्या हाडाची सावली नेमकी वरच्या दाढांच्या मुळांवर पडते. तो स्वच्छ आला म्हणजे दाढ सुटली असं नाही. उलट सिटीत कॅपच्या धातूमुळे चकाकी येऊन काही दिसत नसेल, तर सीबीसीटी नावाचा जबड्यापुरता त्रिमितीय स्कॅन असतो, तो सांगतील. त्यात पूर्ण जबड्याचा न काढता त्या भागापुरता काढला तरी पुरतो.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी काय करायला हवं तेही सांगून ठेवते, म्हणजे झालं की नाही ते तुम्हाला कळेल. आरशाच्या दांड्यानं ते एकेका दाढेवर हलकेच टकटक करतील, आधी शेजारच्या, मग संशयितावर, मग डाव्या बाजूच्या. आवाजात आणि जाणिवेत फरक पडतो. दुखत नसलेली दाढही टकटकीला "वेगळी" लागते. बोटानं हिरडीवर मुळाच्या जागी दाबून बघतील. कापसावर गार फवारा मारून शेजारच्या दाढांना लावतील, कारण दोषी दाढ रूट कॅनलची सोडून तिच्या शेजारची मेलेलीही असू शकते. आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दाढेच्या भोवती हिरडीत फिरवतील. एकाच ठिकाणी ती खोल गेली तर मूळ चिरल्याचा संशय येतो. या सगळ्याला १० मिनिटं लागतात. नुसता टॉर्च मारून "कॅप चांगली आहे" म्हटलं, तर तपासणी झाली असं समजू नका.

दाखवायचं कुणाला? रूट कॅनलमध्येच एमडीएस, म्हणजे दातांतलं पुढचं शिक्षण, केलेल्यांना एंडोडॉन्टिस्ट म्हणतात, पाटीवर "कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स" असं लिहिलेलं असतं. खर्चाची काळजी असेल तर दंत महाविद्यालयात जा. तुम्हाला सोलापूर आणि लातूर दोन्ही जवळ आहेत, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. सरकारीच हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबईला नातेवाईक असतील तर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय आणि महापालिकेचं नायर, दोन्ही आहेत. महाविद्यालयात गेलात की केसपेपर काढून पहिल्यांदा "ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी" या विभागात बसवतात. निदान करणं हेच त्या विभागाचं काम आहे. सकाळी लवकर जा, डब्यांना एक दिवस सुट्टी द्या. विद्यार्थी तपासतील म्हणून कचरू नका. ते वेळ देतात, आणि त्यांच्या मागे सर उभे असतात.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना टाळू नका, आणि त्यांना उलट सल्लाही देऊ नका. त्यांना सांगा, "ऑपरेशनच्या आधी सोळा नंबरची दाढ तपासून घेते, तिचा कागद आणते, मग ठरवू." दोष दाढेचा असेल आणि ती तशीच ठेवून नुसतं सायनस धुतलं तर त्रास परततो. दाढेवर नीट उपचार झाले की कित्येकांचं सायनस काही आठवड्यांत आपोआप स्वच्छ होतं. ज्यांचं होत नाही त्यांना नाकातून ऑपरेशन लागतं. म्हणजे दोघेही डॉक्टर लागतील, एकमेकांशी बोलले तर फारच छान. आणि दुर्बिणीनं नाक आतून पाहून घ्या, ते फक्त तेच करू शकतात. एकाच बाजूचं सायनस कधी बुरशीच्या गोळ्यानं, कधी गाठीनंही भरतं. नाकातून रक्त मिसळलेलं येणं, गाल बधिर होणं, वरचे दात आपोआप हलायला लागणं यातलं काही असेल तर तुकडा काढून तपासायला वेळ लावू नका. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं आपल्याकडे काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यात शुगरवाले जास्त होते, आणि कित्येकांना सुरुवातीला दातच दुखतोय असं वाटलं होतं. तुमचं ११ महिन्यांचं दुखणं तसं वाटत नाही, तो आजार दिवसांत वाढतो. पण शुगर ७.९ असलेल्या माणसानं ही लक्षणं पाठ ठेवावीत.

दाढेचा दोष ठरला तरी लगेच काढायची असं नाही. कॅप काढून रूट कॅनल पुन्हा करता येतं, राहिलेली नळी भिंगाखाली शोधून भरता येते. तेवढ्यानं भागलं नाही तर हिरडी उघडून मुळाचं टोक कापतात. मूळ उभं चिरलेलं असेल तर मात्र दाढ काढावीच लागते. काढलीच, तर त्याच बैठकीत डॉक्टरांना विचारा, तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडलं का. चूळ भरल्यावर पाणी नाकातून आलं तर पडलेलं आहे, आणि ते त्याच दिवशी टाके घालून बंद करणं सोपं असतं. नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

तापाबद्दल मला वेगळं लिहायचं आहे. सगळं त्या एका दाढेच्या गळ्यात घालू नका. आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना थर्मामीटर लावून आकडे वहीत लिहा. संध्याकाळी अंग थोडं गरम होणं निरोगी माणसातही असतं. पण ताप खरोखर १०० च्या वर जात असेल, वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल, तर फिजिशियनकडे पुन्हा जा, सायनस सापडलं म्हणून थांबू नका. टायफॉइडची विडाल टेस्ट आपल्याकडे एकदाच केलेली असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही, आधी कधी होऊन गेलेल्या आजारानंही ती पॉझिटिव्ह दिसते. आणि एक प्रश्न तुमच्या आईला किंवा थोरल्या भावंडांना विचारा: लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कुणी हृदयाची झडप खराब आहे असं कधी म्हटलं होतं का? तसं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. तोंडातले जंतू रक्तात जाऊन खराब झडपेवर घर करतात. तो आजार रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, पकडावा लागतो, आणि ते कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी, एकापेक्षा जास्त वेळा घ्यावं लागतं. आधीच गोळ्या सुरू असल्या तर जंतू सापडत नाहीत आणि निदान महिनोन्‌महिने हुलकावणी देतं. कृत्रिम झडप बसवलेल्या वाचकांनीही हे लक्षात ठेवा: दात काढण्याआधी, अगदी दात साफ करून घेण्याआधीही डॉक्टरांना सांगायचंच. आधी अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो.

शुगरचं थोडक्यात. साचलेला पू शुगर वर ढकलतो, आणि वाढलेली शुगर जखम भरू देत नाही. दोन्ही बाजूंनी एकदमच सुरुवात करावी लागते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्याचीही सफाई याच फेरीत करून घ्या. तुम्ही लिहिलं नाही, पण विचारते: मिश्री लावता का? लावत असाल तर दाढेचं काम होईपर्यंत तरी बंद करा, त्यानंतर आपण पुन्हा बोलू.

आता दिरांचं म्हणणं. ते तुमच्या काळजीनंच बोलतायत, आणि त्यात रवाभर खरंही आहे, म्हणूनच ते पटतं. हा विचार जुना आहे. १९१० मध्ये मॉन्ट्रियलला विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी एक भाषण केलं, की सोन्याच्या कॅपा आणि ब्रिजांखाली दडलेला पू अंगभर रोग पसरवतो. पुढची दोन-अडीच दशकं अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्याला दात काढणं हा उपाय झाला. न्यू जर्सीत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरानं तर रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल काढले, मग आतडी कापली. माणसं मेली, वेड बरं झालं नाही. १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन या दोघांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास छापला. ज्यांचे दात किंवा टॉन्सिल काढले होते त्यांतल्या बहुतेकांच्या सांध्यांना त्याचा फायदा झालेला त्यांना दिसला नाही. त्यानंतर ती लाट ओसरली. आता मोबाइलवर तीच पुन्हा आली आहे. तुमचे गुडघे त्या दाढेनं दुखत नाहीत. दिवसभर गॅससमोर उभं राहून दुखत असतील, ते वेगळं दाखवा. बाकीचे दोन रूट कॅनलचे दात एक्स-रेत स्वच्छ असतील तर त्यांच्यावर डबे खा, निर्धास्त.

पुराव्याशिवाय दात काढायचा नाही, हे मी पुस्तकातून शिकले असं सांगितलं तर ते खोटं होईल. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शेतकरी काका आले. तोंड धुताना, वारा लागला तरी खालच्या जबड्यात वीज चमकावी तशी कळ, दोन-चार सेकंद, आणि गेली. त्यांनी एका दाढेवर बोट ठेवलं, "ही काढा." एक्स-रेत काही नव्हतं. ते हात जोडून बसले, मी काढली. कळ थांबेना, पंधरवड्यानं शेजारची काढली. शेवटी त्यांच्या फिजिशियननं ओळखलं, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी आठवडाभरात कळ थांबली. दोन धडधाकट दाढा गेल्या त्या गेल्याच. पुढे कितीतरी वर्षं ते यात्रेला जाताना माझ्याकडे ऊस ठेवून जायचे, आणि तो त्यांना स्वतःला त्या बाजूनं खाता येत नव्हता. त्यामुळे तुम्हाला माझं कळकळीचं सांगणं आहे, कुठल्याही दाढेला हात लावू देण्याआधी "याच दाढेत दोष आहे हे कशावरून?" एवढं विचारा, आणि उत्तर फिल्मवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

मघाशी म्हटलं ती धोक्याची लक्षणं. जबड्याखाली किंवा गळ्याला सूज येऊन गिळता येईनासं झालं, लाळ ओघळायला लागली, आवाज बदलला, तोंड दोन बोटंही उघडेना, डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचं दोन दिसायला लागलं, थंडी वाजून ताप आला, उलट्यांसह डोकं असह्य दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असेल तर रात्री, ज्या रुग्णालयात भूल देण्याची आणि ऑपरेशनची सोय आहे तिथे जायचं. १०८ ला फोन करा. सुजेवर बाहेरून गरम शेक देऊ नका.

जाताना एक पान तयार करा. चार पानी नको, डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो. वर तारीख: दाढेचं रूट कॅनल कधी, गाल जड व्हायला लागला कधी, कुठलं औषध कधीपासून कधीपर्यंत, त्यानं किती दिवस बरं वाटलं. खाली आताच्या गोळ्या आणि शुगरचे आकडे. वासाची ओळ आवर्जून लिहा. "नासल्यासारखा वास, फक्त मला, उजव्या बाजूनं." लाजून ती गाळू नका. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच होती. सासूबाईंना बरोबर न्यायला जमलं तर न्या. फिल्मवरचं त्यांनी स्वतः पाहिलं तर घरातला अर्धा ताण तिथेच उतरेल.

सोमवारी सीडी घेऊन निघा, आणि रेडिओलॉजिस्ट काय म्हणाले ते मला कळवा. तोवर आमटीचा वास मुलीला घ्यायला सांगा. ती चांगली आहे म्हणाली की डब्यात भरा.